निखाऱ्यांना धूर नसतो

आईच्या बॅगेत साडेसात किलो सामान एकट्या बाळंतपणाचं होतं. डिंक, अळीव, मेथ्या, खारकेची पूड, सुंठ, आणि वेगवेगळ्या पुरचुंड्यांत ओवा, बाळंतशेपा, वावडिंग, वेखंड. प्रत्येक पुरचुंडीवर तिच्या अक्षरातली चिठ्ठी. निफाडहून मुंबई, मुंबईहून मँचेस्टर आणि तिथून गाडीने इंग्लंडमधलंच वेकफिल्ड असा प्रवास करून ती २०२३ च्या जानेवारीत आमच्याकडे पोचली, तेव्हा लेक अकरा दिवसांची होती.

कोळसा तेवढा तिला आणता आला नव्हता. “तिकडे मिळेल ना गं कोळसा? शेगडीशिवाय बाळंतिणीचं अंग सुटत नाही,” हे तिने निघायच्या आधीच फोनवर तीनदा विचारलं होतं. मी हो म्हणाले होते. इथे बार्बेक्यूसाठीचा कोळसा जाड कागदी पिशव्यांत मिळतो. नवऱ्याने एक पिशवी आणून ठेवली. त्या पिशवीवर बारीक अक्षरांत जे काही छापलेलं असतं ते त्यानेही वाचलं नाही आणि मीही नाही.

आमचं घर भाड्याचं, विटांचं, दोन्हीकडून शेजाऱ्यांच्या भिंती लागलेलं. वरच्या मजल्यावर दोन खोल्या. पुढची आमची, मागची पाहुण्यांची. मागच्या खोलीतल्या भिंतीतल्या कपाटात गॅसचा बॉयलर. घरभर गरम पाणी आणि रेडिएटरची ऊब तोच पुरवतो. त्या कपाटाच्या बाहेर, कमरेच्या वर दोन हात, एक पांढरा चौकोनी डबा आहे. साबणाच्या दोन वड्या शेजारी शेजारी ठेवल्या तर होईल एवढा. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा अलार्म.

या डब्याची आधीची हकिगत मला सांगितलीच पाहिजे, कारण तिथे माझी चूक आहे.

आम्ही या घरात आलो तेव्हा आधीच्या भाडेकरूने लावलेला असाच एक जुना अलार्म तिथे होता. एका रात्री तो दर मिनिटाला एकदा ‘टिक्’ करायला लागला. बॅटरी संपली असेल म्हणून आम्ही नवी घातली. आवाज थांबला नाही. सकाळी ड्युटी होती, रात्रीचे अडीच वाजलेले. बॅटरी काढली आणि डबा स्वयंपाकघरातल्या खणात टाकून दिला. त्या खणात धुराचा अलार्म आधीपासूनच पडून होता. तो फोडणीच्या प्रत्येक मोहरीला ओरडायचा म्हणून आम्ही पहिल्याच महिन्यात उतरवला होता. इकडे आलेल्या किती मराठी घरांत तो डबा उतरवलेला किंवा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मी पाहिलाय. धुराचा आणि या वायूचा, दोन्ही डबे आमच्या लेखी एकच होते: स्वयंपाकाच्या आड येणारे.

पण हे दोन डबे एक नव्हेत. मोहरीचा, तेलाचा, करपलेल्या पोळीचा धूर कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मला कळतही नाही. तो दुसऱ्याच गोष्टीची वाट पाहत असतो.

२०२२ च्या नोव्हेंबरमध्ये वर्षाची गॅसतपासणी करायला माणूस आला. इंग्लंडमध्ये भाड्याच्या घरातली गॅसची उपकरणं दरवर्षी तपासून घेणं घरमालकाला बंधनकारक आहे, आणि तपासणारा ‘गॅस सेफ’ नोंदणी असलेलाच लागतो. शिवाय १ ऑक्टोबर २०२२ पासून नवा नियम आला होता. ज्या खोलीत बॉयलरसारखं जळणावर चालणारं कायमचं उपकरण आहे, तिथे घरमालकाने हा अलार्म लावलाच पाहिजे. स्वयंपाकाची गॅसची शेगडी तेवढी त्यातून वगळलेली. त्या माणसाने विचारलं, इथला अलार्म कुठे आहे? मी आठ महिन्यांची गरोदर, जिना उतरून खाली गेले आणि खणातून तो डबा काढून आणला. त्याने तो उलटा केला आणि पाठीवरच्या चिकटपट्टीवर बोट ठेवलं. तिथे तो बदलायची तारीख छापलेली होती, २०२०. ती ‘टिक्’ बॅटरीची नव्हतीच. आपलं आयुष्य संपलं हे तो डबा सांगत होता, आणि मी त्याला गप्प केलं होतं.

त्याने नवा लावला, बटण दाबून वाजवून दाखवला आणि गेला.

आता शेगडीकडे येते.

आईने बाजेची जागा कशी भरून काढायची याचा विचार आल्या दिवशीच केला. सुंभाची बाज इथे कुठली! तिने बागेतली वेताची खुर्ची धुऊन पुसून वर आणली, खाली चार विटा मांडल्या, विटांवर घमेलं. परसात थंडीत उभी राहून ती कोळसे पेटवायची, पंख्याऐवजी पुठ्ठ्याने वारा घालायची. धूर पूर्ण जाईपर्यंत थांबायची. कोळसे लालबुंद झाले, वर राखेची पांढरी साय आली, की मगच घमेलं उचलायची. “धूर नको गं लेकराला,” म्हणायची. तिची काळजी पक्की होती, मी तिला कुठेही हयगय करताना पाहिलं नाही.

मग तेल, गरम पाण्याची आंघोळ आणि शेक. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, दाराखालच्या फटीला जुनी चादर. बाळंतिणीला वारा लागता कामा नये. शेवटी निखाऱ्यांवर ओवा आणि बाळंतशेपा पडायचा, खोलीभर तो कडवट-गोड वास पसरायचा. आई तळवे त्यावर धरायची आणि बाळाला आणून त्याच्या पोटाला, टाळूला ते ऊबदार हात लावायची. मला माझं अख्खं बालपण त्या वासात परत मिळालं. मावशीच्या बाळंतपणातली अंधारी खोली, कोपऱ्यातली शेगडी, आणि “आत येऊ नका रे” म्हणून आम्हा पोरांना हाकलणारी आजी.

पहिले दोन दिवस हे सगळं पुढच्या खोलीत झालं. दोन्ही दिवशी शेकानंतर माझं डोकं ठणकलं. मळमळलं. झोपेचा पत्ता नव्हता, अंगात रक्त कमी होतं, दूध उतरत होतं. डोकं दुखायला एवढी कारणं पुरेशी होती. आईचंही कपाळ जड झालं होतं, ती म्हणाली विमानाचा शीण आहे.

तिसऱ्या दिवशी लेक पुढच्या खोलीत नुकती झोपली होती. तिला उठवायला नको म्हणून आईने घमेलं मागच्या खोलीत नेलं.

साधारण पंचवीस मिनिटं झाली असतील. आई माझ्या पाठीला शेक देत होती आणि निफाडच्या थंडीबद्दल बोलत होती. पारा घसरला की द्राक्षबागांमध्ये रात्रभर शेकोट्या पेटवून ठेवतात, त्याबद्दल. तेवढ्यात तो डबा ओरडला. चार टोकदार आवाज, क्षणभर थांबून पुन्हा चार. लाल दिवा. छोट्या पडद्यावर आकडा १३४, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे इतके भाग.

आई दचकून म्हणाली, “मी काही केलं नाही, मोहरीसुद्धा नाही टाकली.”

नवरा धावत वर आला, आकडा पाहून त्याने खिडकी उघडली, बाळाला दुलईत गुंडाळलं आणि आम्ही चौघं रस्त्यावर उभे राहिलो. मी ओल्या केसांनी, वर त्याचा कोट. जानेवारीतला वारा. ज्या वाऱ्यापासून मला जपायचं म्हणून दाराच्या फटीत चादर कोंबली होती, त्याच वाऱ्यात आई मला घेऊन उभी होती आणि तिला कळत नव्हतं की चुकलं काय.

गॅसच्या आणीबाणीसाठी इथे दिवसरात्र चालणारा एक फोन नंबर आहे, ०८०० १११ ९९९. नवऱ्याने तो लावला. तासाभरात माणूस आला. त्याने बॉयलर तपासला, तो निर्दोष होता. मग त्याला घमेलं दिसलं. तो काही बोलला नाही. निखारे अजून धगधगत होते, धूर अजिबात नव्हता. त्याने हातातलं यंत्र घमेल्याजवळ धरलं, आम्हाला आकडा दाखवला, आणि आम्हाला रक्त तपासून घ्यायला पाठवलं. माझ्या रक्तात त्या वायूचं प्रमाण थोडं वाढलेलं निघालं, घाबरण्याइतकं नाही. लेकीचं ठीक होतं.

दवाखान्यात बसल्या बसल्या मला एक गोष्ट आठवली. गरोदरपणाच्या पहिल्या भेटीत इथली सुईण तुम्हाला एका नळीत फुंकायला लावते. श्वासात कार्बन मोनॉक्साइड किती आहे ते पाहते. मुख्यतः विड्या-सिगारेटच्या धुरासाठी, पण घरातला बिघडलेला बॉयलरही त्यात पकडला जाऊ शकतो. आकडा ४ च्या खाली असावा लागतो. माझा १ आला होता आणि मी ते विसरूनही गेले होते. गर्भाच्या रक्तात हा वायू आईच्या रक्तापेक्षा जास्त साठतो आणि निघायलाही जास्त वेळ घेतो, म्हणून ती तपासणी. म्हणजे मला सांगितलं गेलं होतं. मी ऐकलं नव्हतं.

त्या रात्री आई जेवली नाही. परसात जाऊन तिने घमेल्यात पाणी ओतलं. निखारे चुर्र करून विझले. स्वयंपाकघरात येऊन ती एवढंच म्हणाली, “माझ्या चारही बाळंतपणांत शेगडी होती. तुझ्या आजीच्या सातांत होती. कुणाला काही झालं नाही गं.”

मला तिला उत्तर द्यायचं होतं. उत्तर सापडायला मला बरेच दिवस लागले, आणि ते शोधताना मी जे वाचलं आणि पाहिलं ते आज इथे लिहितेय.

शाळेत आपण ‘अपूर्ण ज्वलन’ शिकतो. भरपूर प्राणवायू मिळाला तर कोळशाचा कार्बन डायॉक्साइड होतो, कमी पडला तर कार्बन मोनॉक्साइड. परीक्षेत एवढं पुरतं. शेगडीत काय होतं ते मात्र कुणी दाखवलं नव्हतं. निखाऱ्यांच्या ढिगात खालून हवा शिरते, तळाशी कार्बन डायॉक्साइड तयार होतो, आणि तो वर चढताना तापलेल्या कोळशांमधून जातो. तिथे त्याचा पुन्हा मोनॉक्साइड होतो. ताज्या शेगडीवर निळसर ज्योती नाचताना दिसतात ना, तो हाच वायू जळत असतो. ज्योती दिसतात तोवर त्यातला बराचसा जळून जातो. पण निखारे निवळतात, ज्योती मावळतात, राखेची साय धरते, तेव्हा तो न जळता तसाच बाहेर पडत राहतो. आई नेमक्या त्याच क्षणाची वाट पाहायची. धूर गेला की घमेलं घरात.

धूर म्हणजे न जळलेले कण. ते डोळ्यांना झोंबतात, म्हणून आपण खिडकी उघडतो. एका अर्थी धूर आपल्याला घराबाहेर काढतो. निखाऱ्यांना धूर नसतो, आणि जो वायू असतो त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने चिकटतो. रक्त वाहत राहतं, लालच दिसतं, फक्त त्यात प्राणवायूला जागा उरत नाही.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण कोविडनंतर आपल्याकडे घरोघरी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आला आहे. या विषबाधेत तो फसतो. मोनॉक्साइडने भरलेलं रक्तही त्याला प्राणवायूने भरलेलं वाटतं आणि तो खुशाल ९८ दाखवतो. डोकं दुखतंय, मळमळतंय, गरगरतंय, ताप मात्र नाही, घरातल्या सगळ्यांना एकदमच होतंय आणि बाहेर गेलं की बरं वाटतंय, असं असेल तर बोटावरच्या आकड्यावर जाऊ नका. घराबाहेर या आणि डॉक्टरांना या वायूचं नाव घेऊन सांगा. उपचार म्हणजे शुद्ध प्राणवायू. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. मास्कमधून शुद्ध प्राणवायू दिला तर तास-दीड तासात निम्मा होतो.

वेकफिल्ड हा कोळशाचा मुलूख. खाणी बंद झाल्या, पण गावाबाहेर कॅपहाउस कोलिअरी नावाची जुनी खाण राष्ट्रीय संग्रहालय म्हणून जपून ठेवली आहे. आईची परतायची वेळ जवळ आली तेव्हा, एप्रिलमध्ये, आम्ही तिला तिथे घेऊन गेलो. पाळण्यातून, म्हणजे खाणीच्या लिफ्टमधून, १४० मीटर खाली उतरवतात. उतरण्याआधी मोबाईल, घड्याळं, बॅटरीवर चालणारं सगळं काढून घेतात. ठिणगी चालत नाही. नवरा लेकीला घेऊन वर थांबला. मी आणि आई खाली गेलो. वाटाडे असतात ते स्वतः खाणीत काम केलेले. मी त्यांचं बोलणं आईला मराठीत सांगत होते.

खाणकामगारांकडे हवेला वेगवेगळी नावं होती. पेट घेणाऱ्या मिथेनला ‘फायरडॅम्प’, गुदमरवणाऱ्या हवेला ‘ब्लॅकडॅम्प’, स्फोटानंतर उरणाऱ्या विषारी हवेला ‘आफ्टरडॅम्प’, आणि मोनॉक्साइडला ‘व्हाइटडॅम्प’. ज्यांचं पोट त्या हवेवर होतं त्यांनी तिची नावं ठेवली. आपल्याकडे सिलिंडरमधला तो गॅस, गिझरमधला तो गॅस, पोटात होतो तोही गॅस. नाव नसलेल्या गोष्टीबद्दल आईने मुलीला काय सांगायचं?

१८९६ मध्ये वेल्समधल्या टायलर्सटाउनच्या खाणीत स्फोट होऊन ५७ जण गेले. जॉन स्कॉट हाल्डेन या शरीरशास्त्रज्ञाने त्या मृत्यूंची तपासणी केली, आणि त्याच्या लक्षात आलं की बहुतेक माणसं स्फोटाने मेलीच नव्हती. मागे उरलेल्या मोनॉक्साइडने त्यांना मारलं होतं. त्याने हा वायू स्वतः हुंगून, आपल्याला काय होतं ते टिपून ठेवलं होतं. लहान जिवाचा श्वास जलद, त्यामुळे त्याच्यावर परिणाम माणसाच्या आधी दिसतो, म्हणून उंदीर किंवा छोटा पक्षी बरोबर न्यावा ही सूचना त्याचीच. पिवळे कॅनरी पक्षी ब्रिटिश खाणींत पुढे १९८६ पर्यंत राहिले. मग त्यांची जागा यंत्राने घेतली. त्याचा मुलगा जे. बी. एस. हाल्डेन, थोर जीवशास्त्रज्ञ, पुढे भारतात आला, भारताचा नागरिक झाला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारला. हे मी आईला सांगितलं तेव्हा ती तिथे ठेवलेल्या कॅनरीच्या पिंजऱ्याकडे पाहत होती. त्या पिंजऱ्याच्या माथ्यावर प्राणवायूची एक छोटी नळकांडी असते. पक्षी पडला की दार लावून घ्यायचं आणि आत प्राणवायू सोडायचा, म्हणजे तो पुन्हा उठतो.

“म्हणजे त्यालाही वाचवायचे,” आई म्हणाली. तिला ते आवडलं.

परतताना गाडीत तिने स्वतःच विषय काढला. “आपलं जुनं घर कौलारू होतं,” ती म्हणाली. तेव्हा मला तिच्या त्या रात्रीच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, आणि ते तिच्याच तोंडून मिळालं. निफाडच्या जुन्या घरात कौलांच्या फटींतून उन्हाचे कवडसे जमिनीवर पडायचे. माळ्यावर जायच्या जिन्याला दार नव्हतं. बाळंतिणीची खोली अंधारी खरी, पण तिच्या भिंती आढ्यापर्यंत पोचलेल्या नव्हत्या. वरून सगळं घर एक होतं. शेगडीवरून उठलेली हवा वर जायची आणि कौलांतून निघून जायची. ते घर श्वास घेत होतं. त्या श्वासाचा हिशेब धरूनच आजीची रीत बसलेली होती: किती कोळसे, किती वेळ, कुठला कोपरा. आजी चुकत नव्हती. माझ्या वेकफिल्डच्या घराला दुहेरी काचा आहेत, दारांना रबरी पट्ट्या आहेत, ऊब बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींच्या पोकळीतही कापसासारखं काहीतरी भरलेलं आहे. शेगडी तीच राहिली, घर बदललं.

आणि मग मला निफाडच्या घराची भीती वाटायला लागली. कारण बदललं ते फक्त माझंच घर नव्हतं.

जुनं घर पाडून अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, २०११ मध्ये स्लॅबचं बांधलं. सरकत्या खिडक्या, छतापर्यंत फरशा, आणि न्हाणीघरात, आतल्याच भिंतीवर, गॅसचा गिझर. निफाडची थंडी म्हणजे महाराष्ट्रातल्या सगळ्यांत कडक थंड्यांपैकी एक. पहाटे कढत पाणी म्हणजे सुख. पण पाच बाय सात फुटांच्या बंद खोलीत गॅसचा मोठा बर्नर पंधरा मिनिटं पेटला की तो आधी खोलीतला प्राणवायू खातो, आणि प्राणवायू जसजसा कमी होतो तसतसा त्याचा मोनॉक्साइड वाढतो. आत माणूस उघडा, ओला, एकटा आणि दाराला आतून कडी. दर हिवाळ्यात आपल्या वर्तमानपत्रांत ती बातमी येते. न्हाणीघरात बेशुद्ध आढळले, गिझर चालू होता. आपण ती हळहळून वाचतो आणि पान उलटतो.

मी फोनवर विचारलं, “अण्णा, न्हाणीतला झरोका उघडा असतो ना?”

“त्यात फडकं कोंबलंय,” ते म्हणाले. “गार वारा येतो.” मग थोडं थांबून, “हल्ली आंघोळ झाली की गरगरतं जरा. बीपीचं असेल.”

बीपीचं होतं की नाही, मला माहीत नाही. मी त्यांना त्याच दिवशी ते फडकं काढायला लावलं, आणि आंघोळीचं पाणी बादल्यांत काढून, गिझर बंद करून मग आत जायला सांगितलं. डिसेंबरमध्ये गेले तेव्हा बॅगेत दोन अलार्म होते.

पहिलं काम मात्र अलार्मचं नव्हतं. प्लंबरला बोलावून गिझर न्हाणीच्या बाहेर, मागच्या उघड्या पडवीच्या भिंतीवर हलवला आणि नळ तेवढा आत घेतला. तो म्हणाला, “ताई, एवढं कशाला, सगळ्यांकडे आतच असतो.” मी ऐकलं नाही. अलार्म माणसाला उठवतो, वायूला थांबवत नाही. वायू थांबवायची जागा बर्नरपाशी आहे. ज्योत निळी हवी. पिवळी पडली, भांड्याला काजळी धरली, की दुरुस्तीवाल्याला बोलवायचं.

मग डबे. एक घराच्या मधल्या बोळात, न्हाणीच्या दाराबाहेर. आत नाही, कारण वाफेने त्याचं आतलं नाक खराब होतं. दुसरा आई-अण्णांच्या खोलीत, उशाच्या उंचीवर, कारण झोपलेल्या माणसाची हवा तिथली. हा वायू जवळजवळ हवेइतक्याच वजनाचा असतो, सिलिंडरच्या गॅससारखा जमिनीवर साचत नाही, त्यामुळे डबा जमिनीजवळ लावायचं कारण नाही. पडद्यामागे नको, कपाटात नको, खिडकीच्या अगदी शेजारी नको. आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीजवळ तर नकोच. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो आणि अलार्म त्याला मोनॉक्साइड समजून ओरडू शकतो. असं दोनदा उगाच ओरडला की लोक डबा काढून खणात टाकतात. ती पुढची गोष्ट मला ठाऊक आहे.

आपल्याकडे दुकानात ‘गॅस अलार्म’ मागितला तर बहुधा सिलिंडरची गळती ओळखणारं यंत्र हातात पडतं. तेही चांगलं, पण ते वेगळं. सिलिंडरच्या गॅसला आपण नाकानेही ओळखतो, कारण त्यात मुद्दाम मरकॅप्टनचा उग्र वास मिसळलेला असतो. मोनॉक्साइडला कुणी वास देऊ शकत नाही. तो कारखान्यात भरला जात नाही, आपल्या घरात तयार होतो. डब्यावर कार्बन मोनॉक्साइड असं स्पष्ट लिहिलेलं हवं, आणि युरोपीय मानक ईएन ५०२९१ किंवा अमेरिकी यूएल २०३४ यांपैकी एक तरी.

ईएन मानकाचा अलार्म घाईने ओरडत नाही, हेही आईला समजावलं. हवेच्या दहा लाख भागांत हा वायू ५० भाग असेल तर तो तास-दीड तासाने वाजतो, १०० असेल तर दहा ते चाळीस मिनिटांत, ३०० असेल तर तीन मिनिटांच्या आत. नुसत्या क्षणभराच्या झुळकीवर तो उठत नाही. शरीरात किती साठेल याचा अंदाज धरून तो वेळ मोजतो. म्हणून तो वाजला तर “थांब, बघू बंद होतो का” असं म्हणायचं नाही. त्याने आधीच वाट पाहिलेली असते.

देखभाल फार नाही. महिन्यातून एकदा कोरड्या मऊ फडक्याने पुसायचा. फवारा मारायचा नाही, रंगकाम असेल तेव्हा त्या खोलीतून हलवायचा. बटण दाबून वाजवायचा. पण बटणाने कळतं ते एवढंच की बॅटरी आणि भोंगा शाबूत आहे. आतली रासायनिक पेटी, जी हा वायू हुंगते, ती जिवंत आहे की नाही हे बटण सांगत नाही. ते पाठीवरची तारीख सांगते. पाच, सात किंवा दहा वर्षं, मॉडेलप्रमाणे. ती उलटली की डबा टाकून नवा आणायचा, कितीही छान वाजत असला तरी. आमच्या खणातल्या त्या डब्याने मला हे शिकवलं. अण्णांनी स्टुलावर चढून न्हाणीच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने लिहिलं: ‘२०३०, डिसें., डबा बदलणे.’ त्याखाली तारीख घालून सही केली, जशी ते द्राक्षाच्या खतांच्या वहीत करतात.

“महिन्यातून एकदा, पण कधी?” आईने विचारलं. “मला पहिली तारीख लक्षात राहत नाही.”

मग तिनेच ठरवलं. संकष्टीला. दर महिन्याला येतेच, आणि त्या दिवशी ती काही विसरत नाही.

लेक आता दोन वर्षांची झाली आहे. वेकफिल्डच्या मागच्या खोलीतला डबा तिला माहीत आहे. मी बटण दाबते तेव्हा ती कानांवर हात ठेवते. ओवा-बाळंतशेप्याच्या उरलेल्या पुरचुंड्या मी टाकल्या नाहीत. तव्यावर चिमूटभर गरम करून फडक्यात बांधते, सर्दी झाली की तिच्या छातीला शेकायला.

परवा संकष्टी होती. फोन केला तर आईने तो टेबलावर ठेवला आणि “थांब हं” म्हणून गेली. स्टूल सरकवल्याचा आवाज आला. मग बोळातून ते चार टोकदार आवाज, आणि पुन्हा चार. थोड्या वेळाने खोलीतल्या डब्याचे. अण्णा कुठूनतरी म्हणाले, “वाजले का दोन्ही?”

“वाजले,” आई म्हणाली, आणि फोन कानाला लावून मला, “चंद्रोदय नऊ अठ्ठावीसला आहे. मोदकाचं सारण झालंय. लेकीला दे.”